विमानातला बॉम्ब, परक्या भूमीवरचं कोर्ट आणि तीन अपिलं

१२ जून २०२५ला अहमदाबादेत एअर इंडियाचं विमान कोसळलं, त्यानंतर कित्येक आठवडे बडोद्यात दुसरा विषय नव्हता. आपल्या गुजरातच्या कितीतरी घरांतली माणसं त्यात गेली. मी इथे फौजदारी वकिली करते, त्यामुळे दांडिया बाजारात भाजी घेतानाही लोक मला थांबवून विचारायचे: हा अपघात होता हे ठीक, पण समजा कुणी मुद्दाम घडवून आणलं असतं, तर खटला कुठे चालला असता? विमान आपलं, जायचं लंडनला, आत आपली माणसं, ब्रिटिश, पोर्तुगीज. मग कोर्ट कुणाचं? आणि शेजारच्या काकूंनी त्याच्याही पुढचं विचारलं, "एवढं करून शिक्षा झाली, तरी अपिलात सुटतातच ना गं?"

या दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच खटल्यात मिळतात. तो म्हणजे लॉकर्बीचा. तपास, देशांची रस्सीखेच, परदेशी भूमीवर उभं केलेलं कोर्ट, शिक्षा, एक अपील, दुसरं, आरोपीच्या मृत्यूनंतर तिसरं, असं सगळं त्यात आहे. तेव्हा तोच खटला धरून सांगते, आणि जिथे आपला कायदा वेगळा आहे तिथे थांबून तेही सांगते.

घटना थोडक्यात. २१ डिसेंबर १९८८च्या संध्याकाळी पॅन ॲम कंपनीचं १०३ क्रमांकाचं उड्डाण लंडनच्या हीथ्रोहून न्यूयॉर्कला निघालं. बोइंग ७४७. निघाल्यावर ३८ मिनिटांनी, ३१ हजार फुटांवर, सामानाच्या कप्प्यात स्फोट झाला आणि विमानाचे तुकडे स्कॉटलंडच्या लॉकर्बी गावावर पडले. विमानातले सगळे २५९ जण गेले आणि खाली घरांमध्ये असलेले ११. एकूण २७० माणसं.

इथे आपल्याकडे हमखास होणारा एक घोळ आधी बाजूला करू. विमान पडलं की दोन प्रकारचे तपास होऊ शकतात. एक विमान अपघात तपास विभागाचा, ज्याचं काम कारण शोधून पुढचे अपघात टाळणं एवढंच असतं. दोष कुणाचा हे ठरवणं त्यांच्या कक्षेतच येत नाही. दुसरा पोलिसांचा, गुन्ह्याचा. लॉकर्बीत आठवड्याभरातच, २८ डिसेंबरला, अपघात तपासणाऱ्यांनी स्फोटकाच्या खुणा सापडल्याचं जाहीर केलं आणि तिथून ते प्रकरण खुनाच्या तपासाचं झालं. अहमदाबादचा अहवाल वाचताना "यात कुणाला शिक्षा होणार ते लिहिलंच नाही" अशी तक्रार ज्यांनी माझ्याकडे केली, त्यांना मी हेच सांगितलं.

आता पुरावा. अवशेष सुमारे २,२०० चौरस किलोमीटरवर पसरले होते. शेतं, जंगलं, डोंगरउतार. पोलीस आणि सैनिक रांगेने चालत ते वेचत होते. त्यातून चार गोष्टी पुढे आल्या. स्फोटक सेमटेक्स होतं. ते तोशिबाच्या रेडिओ-कॅसेट रेकॉर्डरमध्ये दडवलं होतं. तो रेकॉर्डर तपकिरी सॅमसोनाइट सुटकेसमध्ये होता. आणि सुटकेसमध्ये भोवती कपडे होते. एका शर्टाच्या जळक्या कॉलरमध्ये नखाएवढा एक तुकडा रुतलेला सापडला, सर्किट बोर्डाचा. तपास यंत्रणांनी तो झुरिकच्या एका छोट्या कंपनीच्या टायमरशी जुळवला, आणि त्या कंपनीने असे टायमर लिबियाला पुरवले होते. कपड्यांवरच्या खुणांवरून तपास माल्टा बेटावरच्या स्लीमा गावातल्या एका कपड्यांच्या दुकानात पोचला. दुकानदाराला ते गिऱ्हाईक आठवत होतं, कारण त्याने माप न बघता, आवड-निवड न करता कपडे उचलले होते. एक कोट, पायजमे, तान्ह्या बाळाचा झबल्यासारखा कपडा. बाहेर पाऊस लागला म्हणून वर एक छत्री. हे दुकान आणि ही छत्री लक्षात ठेवा. पुढची तीस वर्षं वकील याच दुकानाभोवती फिरत राहिले.

नोव्हेंबर १९९१मध्ये स्कॉटलंड आणि अमेरिका, दोघांनी एकाच वेळी दोन लिबियन नागरिकांवर आरोप ठेवले: अब्देलबासेत अल-मेग्राही आणि लामिन खलिफा फहिमा. दोघांचाही लिबियन अरब एअरलाइन्सशी संबंध होता आणि मेग्राही लिबियाच्या गुप्तचर खात्याचा अधिकारी असल्याचा आरोप होता.

आरोप ठेवणं सोपं होतं, माणसं आणणं अवघड. कोर्ट कुणाचं हा प्रश्न इथेच येतो. विमानाविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी देशांनी आपसात करार केलेले आहेत: १९६३चा टोकियोचा, १९७०चा हेगचा अपहरणाविषयीचा, आणि १९७१चा माँट्रियलचा, जो विमानात बॉम्ब ठेवण्यासारख्या कृत्यांविषयी आहे. माँट्रियल करारानुसार अनेक देशांना एकाच वेळी अधिकार असतो. गुन्हा ज्याच्या हद्दीत घडला तो देश, विमानाची नोंदणी ज्याच्याकडे आहे तो देश, आरोपीला घेऊन विमान जिथे उतरलं तो देश. आणि ज्याच्या भूमीवर आरोपी सापडेल, त्या देशाने एकतर त्याला हवाली करायचं, नाहीतर स्वतः खटल्यासाठी प्रकरण आपल्या यंत्रणेपुढे ठेवायचं.

लिबियाने हेच कलम पुढे केलं. आमचे नागरिक आमच्याकडे आहेत, आम्ही खटला चालवतो, तुम्ही पुरावा पाठवा. कागदावर हा मुद्दा पोकळ नव्हता. पण ज्या सरकारच्या गुप्तचरांवर आरोप आहे, त्याच सरकारने चौकशी करायची हे मेलेल्यांच्या घरच्यांना कसं पटावं? संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने १९९२मध्ये निर्बंध घातले आणि लिबियाची विमानं बाहेरच्या देशांत जाणं बंद झालं. लिबिया हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. हे ओढणं सात वर्षं चाललं.

तोडगा निघाला तो असा: कोर्ट स्कॉटलंडचं, कायदा स्कॉटलंडचा, न्यायाधीश स्कॉटलंडचे, पण जागा तिसऱ्याच देशात. नेदरलँड्समध्ये युट्रेक्टजवळ कॅम्प झाइस्ट नावाचा जुना अमेरिकी हवाई तळ होता. ब्रिटन आणि नेदरलँड्सने करार केला आणि तेवढ्या जमिनीवर खटल्यापुरता स्कॉटिश कायदा चालू लागला. एरवी स्कॉटलंडमध्ये खुनाचा खटला पंधरा जणांच्या ज्युरीपुढे चालतो. इथे ज्युरी नव्हती. तीन न्यायाधीश निकाल देणार, चौथा राखीव. ५ एप्रिल १९९९ला दोघे आरोपी हवाली झाले आणि ३ मे २००० रोजी खटला उभा राहिला.

एका प्रकरणासाठी खास न्यायपीठ बसवणं बडोदेकरांना नवं नाही. १८७४च्या नोव्हेंबरात इथल्या इंग्रज रेसिडेंटच्या, कर्नल फेअरच्या, सरबतात सोमल आणि हिऱ्याची पूड घातल्याचा प्रकार उघड झाला आणि संशय खुद्द बडोद्याच्या महाराजांवर, मल्हारराव गायकवाडांवर आला. १८७५मध्ये त्यांच्या चौकशीसाठी सहा जणांचं कमिशन बसलं. तीन इंग्रज, आणि आपल्याकडचे तिघे: ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. महाराजांच्या बाजूने लंडनहून सार्जंट बॅलंटाइन हे नावाजलेले वकील आले होते. साक्षी झाल्या, उलटतपासण्या झाल्या, आणि मतं पडली तीन विरुद्ध तीन. इंग्रजांना आरोप शाबीत वाटला, आपल्या तिघांना वाटला नाही. मग सरकारने काय केलं? विषप्रयोगाचा मुद्दा बाजूला ठेवून गैरकारभाराच्या कारणाने त्यांना गादीवरून काढलं. सयाजीराव महाराज गादीवर आले ते या सगळ्यानंतर. मल्हाररावांचा कारभार चांगला होता असं मी मुळीच म्हणत नाही. पण त्या चौकशीत दोन गोष्टी नव्हत्या: बरोबरीत मत पडलं तर आरोपीला मिळणारा फायदा, आणि वर दाद मागायची सोय. कॅम्प झाइस्टमध्ये न्यायाधीश तीन, त्यामुळे बरोबरी होणारच नव्हती, आणि वर दाद मागायची सोय होती. खास कोर्ट बसवलं म्हणून ते लुटुपुटीचं ठरत नाही. त्या कोर्टाला कोणते नियम बांधून ठेवतात आणि त्याच्यावर कोण आहे, हे आधी बघावं लागतं.

खटल्यात प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार एकही नव्हता. बॉम्ब ठेवताना कुणी कुणाला पाहिलं नव्हतं. सगळा भार परिस्थितीजन्य पुराव्यावर. आपल्याकडे याविषयीचा पाया १९८४च्या शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात घातला गेला. त्यातल्या पाच कसोट्यांना आम्ही वकील पंचशील म्हणतो. मथितार्थ असा की प्रत्येक दुवा स्वतंत्रपणे शाबीत व्हायला हवा, सगळे मिळून साखळी पूर्ण व्हायला हवी, आणि त्या साखळीतून आरोपीच्या दोषाशिवाय दुसरा काही अर्थ निघता कामा नये. स्कॉटलंडची भाषा निराळी असली तरी प्रश्न तोच होता.

सरकार पक्षाची साखळी अशी. सुटकेस माल्टाच्या लुका विमानतळावरून सकाळच्या एअर माल्टाच्या विमानात प्रवाशाशिवाय चढवली गेली. फ्रँकफर्टला ती पॅन ॲमच्या जोडविमानात गेली, तिथून हीथ्रोला आणि मग १०३मध्ये. फ्रँकफर्टच्या दुव्यासाठी पुरावा होता एका संगणकी यादीचा, आणि ती यादी हाती आली कारण तिथल्या एका कर्मचारी बाईंनी त्या दिवसाचा कागद आठवण म्हणून जपून ठेवला होता. मेग्राही स्फोटाच्या आदल्या दिवशी खोट्या नावाच्या पासपोर्टवर माल्टात आला होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परतला होता. आणि दुकानदाराने त्याला ओळखलं होतं.

पण माल्टात ती बॅग चढवली कुणी आणि कशी? याचा पुरावा शेवटपर्यंत आला नाही. विमानतळाच्या नोंदींत बेवारस बॅग दिसत नव्हती. न्यायाधीशांनी निकालपत्रात ही सरकार पक्षाची मोठी अडचण असल्याचं मान्य केलं आहे.

आणि दुकानदाराची ओळख. इथे माझ्यासारख्या फौजदारी वकिलाला थांबावंच लागतं. आपल्या कोर्टांत ओळख परेडचा नियम पक्का आहे: कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे, सारख्या वयाच्या आणि बांध्याच्या माणसांत आरोपीला उभं करायचं, आणि साक्षीदाराला आधी त्याचा चेहरा किंवा फोटो दिसू द्यायचा नाही. पेपरात फोटो आल्यावर घेतलेली परेड कोणताही जाणता वकील पहिल्या दहा मिनिटांत खिळखिळी करतो. माल्टाच्या दुकानदाराने सुरुवातीला सांगितलेलं गिऱ्हाईक होतं सहा फुटी, पन्नाशीचं. मेग्राही तेव्हा ३६ वर्षांचा आणि पाच फूट आठ इंचांचा. परेड झाली एप्रिल १९९९मध्ये, म्हणजे खरेदीनंतर दहा वर्षांनी. त्याच्या चारच दिवस आधी दुकानदाराने एका मासिकात मेग्राहीचा फोटो पाहिला होता. आणि परेडमध्येही तो खात्रीने काही बोलला नाही. हा थोडाफार त्याच्यासारखा वाटतो, एवढंच त्याचं म्हणणं.

खरेदीच्या तारखेचाही प्रश्न होता. २३ नोव्हेंबर की ७ डिसेंबर? ७ डिसेंबरला मेग्राही माल्टात होता. २३ नोव्हेंबरला तो तिथे असल्याचा पुरावा नव्हता. पाऊस कधी पडला, नाताळचे दिवे रस्त्यावर लागले होते की नाही, दुकानदाराचा भाऊ घरी कोणती फुटबॉल मॅच बघत होता, यावरून तारीख काढायची होती. २७० खुनांचा निकाल छत्री आणि दिव्यांवर येऊन ठेपला होता. कोर्टाने ७ डिसेंबर स्वीकारली.

३१ जानेवारी २००१ला निकाल लागला. फहिमा निर्दोष. मेग्राही दोषी, जन्मठेप. निकालपत्राच्या शेवटी न्यायाधीशांनी प्रामाणिकपणे लिहिलं की प्रकरणात अनिश्चितता आहेत आणि सोयीचा तेवढा पुरावा उचलून न बसणारा सोडण्याचा धोका असतो, हेही आम्हाला ठाऊक आहे. तरी सगळा पुरावा एकत्र पाहता एकच चित्र उभं राहतं, असं त्यांचं मत पडलं.

इथून अपिलं सुरू होतात, आणि काकूंचा प्रश्नही.

आपल्याकडे सत्र न्यायालयाने शिक्षा दिली की उच्च न्यायालयातलं पहिलं अपील जवळजवळ पूर्ण फेरतपासणी असते. साक्षीदार पुन्हा येत नाहीत, पण प्रत्येक साक्ष, प्रत्येक पंचनामा, मुद्देमालाची प्रत्येक नोंद न्यायमूर्ती नव्याने वाचतात आणि स्वतःचं मत बनवतात. राष्ट्रीय तपास संस्थेच्या म्हणजे एनआयएच्या खटल्यांत तर कायद्यातच लिहिलं आहे की अपील वस्तुस्थिती आणि कायदा दोन्हींवर, दोन न्यायमूर्तींच्या पीठापुढे चालेल.

याचं उदाहरण आपल्या गुजरातचंच आहे. ३० ऑक्टोबर २०१७ला मुंबई-दिल्ली विमानाच्या स्वच्छतागृहात अपहरणाची धमकी देणारी चिठ्ठी सापडली आणि विमान अहमदाबादला उतरवलं गेलं. २०१६च्या नव्या अपहरणविरोधी कायद्यात नुसती विश्वासार्ह धमकीही अपहरणात मोडते. २०१९मध्ये अहमदाबादच्या विशेष न्यायालयाने एका प्रवाशाला मरेपर्यंत जन्मठेप आणि ५ कोटी रुपये दंड ठोठावला. या कायद्याखालची ती पहिलीच शिक्षा. ऑगस्ट २०२३मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने तोच पुरावा पुन्हा तपासला, चिठ्ठी त्यानेच ठेवली हे निःसंशय शाबीत होत नाही असं म्हटलं आणि त्याला सोडलं. तेव्हा आमच्या वकील मंडळातही काही जण म्हणाले, वरच्या कोर्टाने सोडून दिलं. माझं म्हणणं, वरच्या कोर्टाने त्याला नेमून दिलेलं काम केलं. वाचूनही संशय उरला, तर तो आरोपीच्या पदरात पडायचा, हाच आपला कायदा आहे.

स्कॉटलंडचं अपील वेगळं. तिथे अपील न्यायालय पुरावा वाचून स्वतःचा निकाल बनवत नाही. प्रश्न एकच: या खटल्यात न्यायाची पायमल्ली झाली का? ती दाखवायचे मार्ग ठरलेले. नवा पुरावा आला, जो आधी का आला नाही याचं पटण्यासारखं कारण आहे. किंवा निकाल असा आहे की कोणतीही शहाणी ज्युरी तो देऊच शकली नसती. किंवा प्रक्रियेत मोठी चूक झाली. त्यामुळे अपीलकर्ता जे विचारतो, तेवढ्याचंच उत्तर येतं.

पहिल्या अपिलात नेमकं हेच झालं. नवा पुरावा होता हीथ्रोचा: स्फोटाच्या आदल्या रात्री तिथल्या सामानाच्या भागाकडे जाणाऱ्या दाराचं कुलूप तोडलेलं दिसलं होतं, आणि तो सुरक्षारक्षक खटल्यानंतर पुढे आला. बॉम्ब माल्टातून आलाच नसेल तर? पाच न्यायमूर्तींनी त्याची साक्ष ऐकली आणि तिच्याने निकाल हलत नाही असं ठरवलं. पण निकाल मुळातच अवाजवी आहे, हा मुद्दा मेग्राहीच्या वकिलांनी मांडलाच नाही. कोर्टाने तसं नोंदवून ठेवलं आहे. १४ मार्च २००२ला अपील फेटाळलं, तेव्हा जगभर बातमी झाली की पाच न्यायमूर्तींनी दोष पक्का केला. खरं तर दुकानदाराच्या साक्षीवर उभा असलेला तो निकाल वाजवी होता का, हे त्या पाच जणांना कुणी विचारलंच नव्हतं. अपिलाचा निकाल वाचताना आधी मुद्दे कोणते होते ते बघावं, असं मी माझ्या ज्युनियर मुलींना सांगते ते याचसाठी.

एरवी इथे वाट संपते. पण स्कॉटलंडमध्ये १९९९पासून एक स्वतंत्र आयोग आहे, ज्याचं कामच संशयास्पद शिक्षा पुन्हा तपासणं. तो शिक्षा रद्द करू शकत नाही. प्रकरण परत अपील न्यायालयाकडे धाडू शकतो, बस. आपल्याकडे असं काही नाही आणि असायला हवं, हे माझं फार जुनं मत. सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटल्यावर आपल्याकडे उरते ती पुनर्विलोकनाची, सुधारणेची याचिका, नाहीतर राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज. त्यांपैकी कुणालाही गावोगाव जाऊन साक्षीदार पुन्हा शोधायचा अधिकार नाही.

आयोगाने तीनहून अधिक वर्षं खर्चून ८०० पानांहून मोठा अहवाल केला आणि जून २००७मध्ये सहा कारणांनी प्रकरण परत पाठवलं. पुरावा पोलिसांनी पेरला होता वगैरे जे आरोप फिरत होते, ते आयोगाने तपासले आणि नाकारले. पण दुकानदाराच्या बाबतीत तो थांबला. नाताळचे दिवे ६ डिसेंबरला लागले होते, आणि दुकानदाराच्या एका जबाबानुसार खरेदी दिवे लागण्याआधीची. म्हणजे ७ डिसेंबर डळमळते. मासिकातल्या फोटोची बाब खटल्यात बचाव पक्षाला नीट कळवलेली नव्हती. आणि साक्षीबद्दल मिळू शकणाऱ्या बक्षिसाचा विचार दुकानदाराच्या मनात असल्याची पोलिसांची नोंद बचाव पक्षापुढे ठेवलीच नव्हती. याशिवाय परदेशी सरकारकडून आलेला टायमरविषयीचा एक कागद होता, जो ब्रिटनच्या सरकारने राष्ट्रहिताच्या नावाखाली उघड होऊ दिला नाही.

या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त डाचतं ते हे. पोलिसांना जे सापडतं त्यातलं सोयीचं ते कोर्टापुढे आणि गैरसोयीचं कपाटात, असं झालं की शिक्षा लागली तरी ती कधीच नीट बसत नाही. आपल्याकडे दोषारोपपत्रासोबतचे कागद आरोपीला मिळतात. पण सरकार पक्षाने ज्यांचा आधार घेतला नाही, त्या कागदांची निदान यादी तरी द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये सांगितलं तेव्हा कुठे ते नियमात आलं. ती यादी मागताना आजही अर्जांवर अर्ज करावे लागतात.

दुसरं अपील २००९च्या एप्रिलमध्ये सुरू झालं. तोपर्यंत मेग्राहीला प्रोस्टेटचा कर्करोग झाला होता आणि तो पसरला होता. ऑगस्टमध्ये त्याने अपील मागे घेतलं आणि २० ऑगस्ट २००९ला स्कॉटलंडचे न्यायमंत्री केनी मॅकअस्किल यांनी त्याला दयेपोटी सोडलं. कैदी हस्तांतराच्या कराराखाली जायचं तर अपील चालू असून चालत नाही. दयेच्या सुटकेला तशी अट नव्हती. तरी त्याने ते मागे घेतलं. का, यावर आजही वाद आहेत. २० मे २०१२ला तो त्रिपोलीत वारला आणि आयोगाने काढलेल्या मुद्द्यांवर उत्तर मिळालं नाही.

मेलेल्या माणसाच्या नावाने अपील चालू शकतं का? स्कॉटलंडमध्ये चालतं. कुटुंबाच्या अर्जावर आयोगाने मार्च २०२०मध्ये पुन्हा प्रकरण पाठवलं, आणि आता मात्र कागद न दिल्याच्या मुद्द्याबरोबर "निकाल अवाजवी होता" हाही मुद्दा उघडपणे होता. १५ जानेवारी २०२१ला पाच न्यायमूर्तींनी दोन्ही मुद्दे फेटाळले. त्यांचं म्हणणं: खटल्याच्या न्यायाधीशांना तो निष्कर्ष काढण्याइतका पुरावा होता, आणि जे कागद दिले गेले नाहीत ते दिले असते तरी निकाल वेगळा लागण्याची खरी शक्यता नव्हती. कायद्याने शिक्षा कायम आहे. मी ते निकालपत्र वाचलं आहे. कोर्टाने स्वतःच्या चौकटीत दिलेलं उत्तर म्हणून ते पटण्यासारखं आहे. पण माझ्यापुढे तशी ओळख परेड आली असती, तर त्या एका साक्षीवर मी कुणाला जन्मठेप मागितली नसती, हेही तितकंच खरं.

उलट बाजूचं उदाहरण आपल्या जिव्हाळ्याचं आहे. कनिष्क. २३ जून १९८५, एअर इंडिया १८२, आयर्लंडजवळ समुद्रावर स्फोट, ३२९ मृत्यू. बहुतेक जण भारतीय वंशाचे कॅनेडियन. त्याच कटातल्या दुसऱ्या बॉम्बने जपानच्या नारिता विमानतळावर सामान हलवणारे दोन कामगार मारले. कॅनडाच्या गुप्तचर संस्थेने मुख्य संशयिताचे फोन आधीपासून ऐकले होते, पण त्यातल्या बहुतेक ध्वनिफिती पुसून टाकल्या. निकाल लागायला वीस वर्षं गेली, आणि १६ मार्च २००५ला दोन्ही आरोपी निर्दोष सुटले. न्यायाधीशांना साक्षीदार विश्वासार्ह वाटले नाहीत, आणि फितीतून त्या साक्षी पडताळायची सोय उरलीच नव्हती. सरकारने अपील केलं नाही. शिक्षा झाली ती फक्त बॉम्बचे भाग जमवणाऱ्या इंदरजितसिंग रेयातला, आणि पुढे त्याच खटल्यात खोटी साक्ष दिल्याबद्दल आणखी नऊ वर्षं. ३२९ माणसांच्या घरच्यांना एवढंच मिळालं. लॉकर्बीत कागद दडले, कनिष्कमध्ये पुसले गेले. एकीकडे दोषी ठरलेल्याचा दोष संशयात राहिला, दुसरीकडे रेयात सोडून दोषी कोण हे कोर्टात कधी ठरलंच नाही. दोन्हीकडे भोगलं ते घरच्यांनी. लॉकर्बीत मुलगी गमावलेले एक ब्रिटिश डॉक्टर वडील खटला संपूर्ण ऐकून मेग्राही निर्दोष आहे या मताचे झाले. अमेरिकेतल्या अनेक कुटुंबांना तो दोषीच वाटतो आणि त्याची सुटका त्यांना जिव्हारी लागली. दुःख तेच असलेली माणसं अशी दोन बाजूंना उभी राहिली.

लॉकर्बीचं प्रकरण अजून मिटलेलं नाही. स्फोटाला ३२ वर्षं झाली त्याच दिवशी, २१ डिसेंबर २०२०ला, अमेरिकेने बॉम्ब बनवल्याचा आरोप अबू अगिला मसूद या लिबियन माणसावर ठेवला. डिसेंबर २०२२मध्ये तो अमेरिकेच्या ताब्यात आला. प्रकरण वॉशिंग्टनच्या फेडरल न्यायालयात गेलं. विमान अमेरिकी, मेलेल्यांत १९० अमेरिकी नागरिक, त्यामुळे अधिकाराचा प्रश्न तिथे नाही. या प्रकरणाचा कणा आहे एक कबुली. २०१२मध्ये लिबियातल्या कोठडीत त्याने तिथल्या एका अधिकाऱ्यापुढे सगळं सांगितलं, असं सरकार पक्ष म्हणतो. ती जबरदस्तीने वदवून घेतली, असं त्याचे वकील म्हणतात. आपल्याकडे पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून चालतच नाही. आधी पुरावा कायद्याचं कलम २५ होतं, आता नव्या भारतीय साक्ष अधिनियमात ते २३ झालं. अमेरिकेत अशी सरसकट मनाई नाही. कबुली स्वेच्छेची होती का, हे न्यायाधीश ज्युरीच्या अपरोक्ष आधी ठरवतो. त्यासाठी त्या कोठडीत कोण होतं, किती दिवस ठेवलं होतं, जबाब कुणी लिहून घेतला, हे सगळं पुढे यावं लागतं. आणि शिक्षा झालीच, तर अपिलात पहिला हल्ला याच कबुलीवर होईल.